विंचवाच्या प्रतिविषाची परीक्षा: उंदीर कमी करा, पण पर्यायी चाचणी पारखून घ्या

मा. संपादक महोदय,

स. न. वि. वि.

औषधांच्या प्राण्यांवरील चाचण्या बंद करा, अशी पत्रे वृत्तपत्रांतून अधूनमधून येतात आणि पाठोपाठ त्यांना उत्तरेही येतात. एका बाजूला उद्यापासूनच उंदीर बंद हवे असतात, तर दुसरी बाजू उंदराला पर्यायच नाही म्हणून हात झटकते. विंचवाच्या प्रतिविषापुरते, म्हणजे विंचवाचे विष निकामी करायला टोचतात त्या औषधापुरते, बोलायचे तर दोघांचेही चुकते आहे. ते कसे, हे प्रयोगशाळेतल्या टेबलापाशी गेल्याशिवाय कळत नाही. म्हणून हे जरा लांबलेले पत्र.

गोव्याला या विषयाशी काय देणेघेणे, असे कुणी विचारू नये. पेडण्यापासून काणकोणपर्यंत चिऱ्यांचे गडगे, लाकडांच्या राशी, कौलांखालचे वासे, कापणीनंतरचे गवत या सगळ्या विंचवाच्या जागा आहेत. काळा मोठा विंचू दिसायला भयंकर असला तरी त्याचा दंश सहसा वेदनेवर निभावतो. जीव घेतो तो कोकणपट्टीतला आणि घाटावरचा तांबडा विंचू, हॉटेनटोटा टॅमुलस. जुन्या वैद्यकीय पुस्तकांत तो मेसोबुथस किंवा बुथस या नावाने सापडेल. ओकाऱ्या, दरदरून घाम, गार पडलेले हातपाय, आधी चढलेला रक्तदाब आणि मग फुप्फुसात पाणी, असा त्याचा क्रम. महाडचे डॉ. हिंमतराव बावसकर यांनी या दंशावर प्राझोसिन या रक्तदाब उतरवणाऱ्या औषधाचा उपचार रूढ केला. २०११ मध्ये त्यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये ७० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात नुसत्या प्राझोसिनवर बरे व्हायला सरासरी १७.७ तास लागले, तर प्राझोसिनच्या जोडीला प्रतिविष दिलेल्यांना ८ तास. म्हणजे प्रतिविषाचा उपयोग होतो, पण कुपीत लेबलावर लिहिलेली ताकद खरोखर असेल तरच. (जाता जाता: सापाचे प्रतिविष विंचवाच्या दंशावर चालत नाही. दोन्ही कुप्या एकाच फ्रिजमध्ये असतात म्हणून हे सांगावे लागते.)

ही ताकद आज मोजली जाते ती उंदरावर. आधी विषाची मारक मात्रा काढतात. १८ ते २० ग्रॅम वजनाच्या उंदरांचे ६-६ चे ५ गट करून प्रत्येक गटाला चढत्या मात्रेत विष टोचायचे. ज्या मात्रेला निम्मे उंदीर मरतात ती एलडी-५०. मग तिच्या काही पट, बहुधा ३ ते ६ पट विष ठरावीक ठेवायचे आणि त्यात प्रतिविषाची ५ वेगवेगळी प्रमाणे मिसळायची. मिश्रण ३७ अंश सेल्सिअसला ३० मिनिटे ठेवून शेपटीच्या शिरेतून साधारण ०.२ मि.लि. द्यायचे आणि २४ तासांनी मेलेले व जगलेले मोजायचे. पहिल्या पायरीचे ३०, दुसऱ्या पायरीचे ३० आणि नुसते विष दिलेला ६ चा एक गट मिळून ६६ उंदीर होतात. आकडे गणितात नीट बसले नाहीत तर पुन्हा तेवढेच. शिवाय ही मोजणी शेवटच्या कुपीपुरती नसते. प्रतिविष बनते ते घोड्याला विष टोचून, त्याच्या रक्तात तयार होणाऱ्या, विषाला धरणाऱ्या प्रथिनांपासून म्हणजे प्रतिपिंडांपासून. घोड्याच्या रक्तद्रवात प्रतिपिंडे पुरेशी तयार झाली का, शुद्धीकरणात किती गळाली, साठवणीच्या मुदतीत किती टिकली, या प्रत्येक टप्प्यावर ती होते. आणि हे मरण सौम्य नसते. लाळ, झटके, धाप, सगळे काही.

इतके करून हाती काय लागते? एका गटातले ६ पैकी ३ उंदीर मेले, तर त्या मात्रेचा खरा मृत्युदर ९५ टक्के खात्रीने १२ ते ८८ टक्क्यांच्या मध्ये कुठेतरी आहे, एवढेच संख्याशास्त्र सांगते. पाच गट एकत्र धरले की चित्र सुधारते, पण फार नाही. उंदराची जात, लिंग, वजन, खोलीचे तापमान यांनी निकाल हलतो. शिवाय विष आणि प्रतिविष आधीच बाटलीत मिसळून देणे हे माणसाच्या दंशासारखे मुळीच नाही. माणसात विष त्वचेखाली जाते, पसरते, आणि प्रतिविष तास-दोन तासांनी शिरेतून येते. तेव्हा उंदराची चाचणी म्हणजे सुवर्णमापदंड, हे म्हणणे आम्हाला मान्य नाही.

मात्र तिची एक बाजू भक्कम आहे, आणि पर्याय सुचवणारे नेमकी तीच विसरतात. विषातली सगळी द्रव्ये, माहीत असलेली आणि नसलेली, एकदम जिवंत शरीरात जातात. प्रतिविषाने त्यांतले एखादे घातक द्रव्य सोडले असेल तर उंदीर मरतो आणि चूक उघडी पडते. पर्यायी चाचणीला हे जमले पाहिजे.

पर्याय म्हटला की पहिले नाव येते एलिसाचे, म्हणजे प्रतिपिंडे विषाला किती चिकटतात हे रंगावरून मोजणाऱ्या चाचणीचे. ९६ खळग्यांच्या प्लास्टिक पट्टीवर विष चिकटवायचे: मि.लि.ला १ ते ५ मायक्रोग्रॅम, पीएच ९.६ च्या कार्बोनेट द्रावणात, प्रत्येक खळग्यात १०० मायक्रोलिटर, ४ अंशांवर रात्रभर. सकाळी धुऊन मोकळ्या राहिलेल्या जागा अल्ब्युमिन या प्रथिनाने किंवा साय काढलेल्या दुधाने तासभर बुजवायच्या. मग प्रतिविषाची उतरती प्रमाणे, मग घोड्याची प्रतिपिंडे ओळखणारे, रंग पाडणारे विकर (एन्झाइम) जोडलेले दुय्यम प्रतिपिंड, मग रंगद्रव्य. शेवटी गंधकाम्लाने क्रिया थांबवून ४५० नॅनोमीटरला वाचन. दोन दिवसांत उरकणारी, स्वस्त चाचणी. औषध कारखान्यातल्या कुठल्याही गुणवत्ता विभागाला सहज जमेल अशी.

आणि इथेच फसगत होते. पहिली फसगत खरेदीतच. प्रतिविष पेप्सिनने पचवलेले असते. प्रतिपिंडाचे शेपूट कापून फक्त पकडणारे दोन हात ठेवलेले असतात. बाजारातली अनेक दुय्यम प्रतिपिंडे नेमके ते शेपूटच ओळखतात. तसले विकत घेतले तर उत्तम प्रतिविषही शून्य दाखवते, आणि मग आठवडाभर दोष भलत्याच ठिकाणी शोधला जातो. मागवताना संपूर्ण रेणू किंवा फॅब भाग (म्हणजे ते पकडणारे हात) ओळखणारे हवे, असे स्पष्ट लिहावे.

दुसरी फसगत अधिक खोल आहे. विंचवाच्या विषात मारक रेणू छोटे असतात. ६० ते ७० अमिनो आम्लांची साखळी, वजन सुमारे ७ किलोडाल्टन, चार गंधकपुलांनी घट्ट आवळलेली. त्यांच्यासोबत हायलुरोनिडेजसारखी मोठी, स्वतः न मारणारी प्रथिनेही असतात. कच्चे विष प्लास्टिकवर ओतले की मोठी प्रथिने जागा अडवतात. छोटी विषे नीट चिकटतच नाहीत, आणि चिकटलीच तर त्यांची कामाची बाजू प्लास्टिककडे दबते. घोड्याचे शरीरही मोठ्या प्रथिनांविरुद्ध भरभरून प्रतिपिंडे बनवते, छोट्या विषांविरुद्ध हात आखडता घेते. परिणामी एलिसात चढा आकडा दाखवणारी बॅच उंदराला वाचवू शकत नाही, असे घडू शकते. चिकटणे म्हणजे निकामी करणे नव्हे.

यावर अर्धा उपाय आहे. कच्च्या विषाऐवजी त्याचा मारक अंश वापरायचा. रेणू आकारानुसार वेगळे करणाऱ्या सेफाडेक्स जी-५० या मण्यांच्या स्तंभातून विष गाळले की मोठी प्रथिने आधी बाहेर पडतात, छोटी मागाहून येतात. मागून आलेला तो अंशच पट्टीवर चढवायचा. उत्तर आफ्रिकेतल्या विंचवांवर काम करणाऱ्यांनी हा जी-५० अंश चाचणीतच नव्हे, घोड्यांना टोचण्यासाठीही वापरला आहे. त्याहून बरी ती स्पर्धात्मक एलिसा. विषाच्या कामाच्या भागाला धरणारे, निकामी करण्याची क्षमता सिद्ध झालेले एकजिनसी (मोनोक्लोनल) प्रतिपिंड घ्यायचे आणि प्रतिविष त्याला किती हुसकावून लावते ते मोजायचे. तरीही आमचे मत असे की एलिसा कारखान्याच्या आतल्या टप्प्यांसाठी ठेवावी. कुठल्या घोड्याचे रक्त घ्यायचे, कुठल्या पायरीला किती गळती झाली, हे ती छान सांगते आणि एवढ्यानेही पुष्कळ उंदीर वाचतात. बॅच बाजारात सोडायचा निर्णय तिच्या एकटीवर सोपवू नये.

कोंबडीच्या अंड्याची चाचणीही कुणीतरी सुचवतेच. फलित अंड्यातल्या सहाव्या दिवसाच्या गर्भाच्या बलक-पटलावर विषात बुडवलेली २ मि.मी.ची कागदी टिकली ठेवायची आणि भोवती रक्तस्रावाचे वलय पडते का ते पाहायचे. लिव्हरपूलमध्ये सर्पविषांसाठी बसवलेली ही पद्धत फुरशा-घोणशीसारख्या रक्तावर जाणाऱ्या विषांना उत्तम. त्या वयाच्या गर्भात वेदनेची मज्जावाट तयार झालेली नसते, म्हणून ती नैतिकदृष्ट्या चालते. विंचवाला मात्र ती चालत नाही, आणि कारण तेच. मज्जावाटाच नाही तर मज्जेवर काम करणारे विष दाखवणार काय? किडे, अळ्या वापरण्याच्या सूचनेलाही असेच उत्तर आहे. विंचवाच्या विषात कीटकांसाठीची विषे वेगळी आणि सस्तन प्राण्यांसाठीची वेगळी असतात. अळी वाचली म्हणून माणूस वाचेल, असे नाही.

तेव्हा मोजायचे काय, तर विष जिथे काम करते ती जागा. तांबड्या विंचवाची मुख्य मारक विषे, ज्यांना अल्फा विषे म्हणतात, मज्जापेशींच्या सोडियम वाहिन्यांवर, म्हणजे सोडियम आत सोडणाऱ्या दारांवर, बसतात. खाजनातली, म्हणजे खाडीकाठच्या शेतातली मानस (बांधातले पाण्याचे दार) पाहिलेल्याला हे लगेच कळेल. भरती आली की मानशीचे दार मिटते आणि खारे पाणी शेतात शिरत नाही. अल्फा विष त्या दारात अडकवलेल्या फळीसारखे आहे. एरवी काही मिलिसेकंदांत मिटणारी वाहिनी मिटत नाही, सोडियम आत येतच राहतो, मज्जापेशी पेटलेली राहते आणि शरीरात ॲड्रेनलिनच्या जातीच्या द्रव्यांचा लोंढा सुटतो. हृदय आणि फुप्फुस त्याखाली कोलमडतात.

वाहिनी मिटते की नाही हे पेशींवर मोजता येते, तेही फार महागडी यंत्रे न वापरता. न्यूरो-२ए ही उंदराच्या मज्जापेशींच्या गाठीपासून १९६०च्या दशकाच्या अखेरीस मिळालेली पेशीमालिका. ती तेव्हापासून बाटलीत वाढते आहे, नवा उंदीर लागत नाही. या पेशींवर नुसते विष घातले तर फारसे काही होत नाही, कारण आत आलेला सोडियम पेशीचा पंप बाहेर फेकत राहतो. म्हणून दोन मदतनीस घालावे लागतात. ओबेन हे द्रव्य पंप थांबवते आणि व्हेराट्रिडिन हे दुसरे द्रव्य वाहिनी किंचित उघडी धरते. विंचवाचे अल्फा विष आणि व्हेराट्रिडिन एकमेकांचा परिणाम वाढवतात, हे अमेरिकी शास्त्रज्ञ विल्यम कॅटरॉल यांनी १९७०च्या दशकातच दाखवले होते. शिंपल्यांतली आणि माशांतली विषे शोधायला हीच पेशीचाचणी अनेक वर्षे वापरात आहे. तिसऱ्या-खुबे खाणाऱ्या गोवेकरांना एक माहिती म्हणून: शिंपल्यांतल्या चरबीत विरघळणाऱ्या विषांसाठीची उंदराची चाचणी युरोपने २०११ मध्ये बाजूला सारायचे ठरवले आणि रासायनिक पृथक्करण अधिकृत केले.

आता कृती. एका खळग्यात सुमारे ३०,००० पेशी, २०० मायक्रोलिटर पोषणद्रवात, ३७ अंश आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइडमध्ये एक दिवस बसू द्यायच्या. ओबेन आणि व्हेराट्रिडिनचे प्रमाण पुस्तकातून उचलू नये, आपल्या पेशींवर बसवावे. या दोघांमुळे विषाविना साधारण ८० टक्के पेशी जगल्या पाहिजेत. ९५ टक्के जगल्या तर चाचणी आंधळी होते, ५० टक्केच जगल्या तर विषाला दाखवायला जागाच उरत नाही. मग विषाची अशी मात्रा शोधायची की जास्तीत जास्त परिणामाच्या ८० टक्के परिणाम होईल. ती कायम ठेवून तिच्यात प्रतिविषाची दर वेळी निम्मी होत जाणारी ८ प्रमाणे मिसळायची, ३७ अंशांवर ३० मिनिटे ठेवायची आणि प्रत्येकी १० मायक्रोलिटर तीन-तीन खळग्यांत घालायची. दुसऱ्या दिवशी एमटीटी हे पिवळे द्रव्य घालायचे. जिवंत पेशी त्याचे जांभळे स्फटिक करतात. ते डीएमएसओ या द्रावकात विरघळवून ५७० नॅनोमीटरला वाचायचे. नव्या बॅचची वक्ररेषा आणि संदर्भ प्रतिविषाची (ज्याची ताकद आधीच माहीत आहे त्याची) वक्ररेषा शेजारी मांडून एक दुसरीपेक्षा किती सरकली आहे, तेवढी तिची तुलनात्मक ताकद. दोन्ही रेषा समांतर नसतील तर आकडा काढूच नये. तिथे दोन वेगळ्या गोष्टींची तुलना होत असते.

बिघडते कुठे? सर्वांत आधी प्रतिविषातल्या परिरक्षकाने. फिनॉल किंवा क्रेसॉल असेल तर ते स्वतःच पेशी मारते आणि चांगली बॅच वाईट दिसते. एक रात्र डायलिसिस करून, म्हणजे छोटे रेणूच आरपार जाऊ देणाऱ्या पटलातून गाळून, ते काढावे, आणि विषाविना नुसते प्रतिविष घातलेले खळगे प्रत्येक पट्टीत ठेवावेत. उलट दिशेचीही चूक होते. इतके घोड्याचे प्रथिन घातल्यावर पेशींना तेवढ्यानेच थोडे संरक्षण मिळते, म्हणून विष न टोचलेल्या घोड्याचे इम्युनोग्लोब्युलिन (प्रतिपिंडे) त्याच प्रमाणात घालून पाहणे सक्तीचे. विष नॅनोग्रॅममध्ये लागते आणि इतक्या विरळ द्रावणातले विष नळीच्या भिंतीलाच चिकटून नाहीसे होते. ०.१ टक्का अल्ब्युमिन घातले की हा प्रश्न सुटतो. गोठलेले द्रावण एकदाच वितळवायचे, उरलेले टाकून द्यायचे. कुपीतले कोरडे प्रतिविष विरघळवताना जोराने हलवू नये, फेस आला की प्रथिने गुठळतात. पेशी फार पिढ्या वाढवल्या की त्यांची संवेदनक्षमता बदलते, म्हणून पिढ्यांची मर्यादा आधीच ठरवून गोठवलेल्या साठ्यातून नव्याने सुरुवात करावी. आणि पट्टीच्या कडेचे ३६ खळगे नुसत्या पाण्याने भरून सोडून द्यावेत, तिथले द्रव आधी आटते. जागा वाया जाते म्हणून कडेचे खळगे वापरणारे शेवटी अख्खी पट्टी वाया घालवतात.

यातच गोव्याची एक खास अडचण आहे. जून ते सप्टेंबर इथली हवा इतकी दमट असते की गोठवून वाळवलेले विष उघडताक्षणी ओलावा ओढते. तराजूवर १ मि.ग्रॅ. दिसले तरी त्यात विष कमी आणि पाणी अधिक असते, आणि ती चूक सरळ प्रतिविषाच्या ताकदीत उतरते. फ्रिजमधली कुपी ओलावा शोषणाऱ्या भांड्यात खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडायचीच नाही, आणि वजनावर न विसंबता प्रथिनमापनाने प्रमाण ठरवायचे. पेशींना बुरशी लागते तीही याच दिवसांत. बुरशी निदान डोळ्यांना दिसते. मायकोप्लाझ्मा हा सूक्ष्म जिवाणू दिसत नाही आणि एमटीटीचे आकडे गुपचूप बिघडवतो, त्याची तपासणी दर महिन्याला हवी.

पेशीचाचणीवर एक रास्त आक्षेप आहे. ती सोडियम वाहिनीपुरतेच बोलते. तांबड्या विंचवाच्या विषात पोटॅशियम वाहिन्या रोखणारी विषेही आहेत. आयबेरियोटॉक्सिन हे जगभर वापरले जाणारे संशोधन-द्रव्य याच विंचवातून मिळाले. प्राण जातो तो मुख्यतः सोडियमच्या बाजूने, पण बाकीचे पूर्ण सोडून देता येत नाही. त्यासाठी एकदाच, प्रत्येक बॅचला नव्हे, प्रतिविष-विश्लेषण करावे. प्रतिविषाची प्रतिपिंडे स्तंभात बांधून त्यातून विष सोडायचे आणि न धरता निसटलेली द्रव्ये क्रोमॅटोग्राफीने (मिश्रणातली द्रव्ये वेगळी करण्याच्या पद्धतीने) ओळखायची. कारखान्याचे प्रतिविष मुळात कोणते घटक सोडते हे त्यातून कळते. दुसरी जोड पॅच-क्लॅम्पची. मानवी सोडियम वाहिनी बसवलेल्या पेशीला विद्युत्-धक्का देऊन ती मिटायला किती वेळ घेते हे थेट मोजता येते. हृदयातली एनएव्ही-१.५ आणि बाहेरच्या मज्जातंतूंतली एनएव्ही-१.७ अशा निरनिराळ्या वाहिन्या वेगवेगळ्या तपासता येतात, जे उंदरात कधीच जमणार नाही. पण यंत्र महाग, हात तरबेज हवा, आणि प्रतिविषातल्या दाट प्रथिनाने काचेच्या सूक्ष्म नळीची पेशीवरची पकड सुटते. रोजच्या कामाला ते नको.

पेशीचाचणी अधिकृत होऊच शकत नाही, असे म्हणणाऱ्यांसाठी बोटॉक्सचे उदाहरण पुरेसे आहे. बोटॉक्स हे सुरकुत्यांवर टोचायचे औषध म्हणजे बोट्युलिनम विष. त्याची प्रत्येक बॅच उंदरांच्या मृत्यूवर मोजली जाई. २०११ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने बोटॉक्सच्या उत्पादकाची पेशीचाचणी मान्य केली. तीही मज्जापेशींवरचीच. इन्सुलिनची ताकद एकेकाळी सशांवर आणि उंदरांवर पाहत, आज ती द्रव क्रोमॅटोग्राफी सांगते.

भारतातला कायदा आड येत नाही, उलट तो पाठीशी आहे. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा १९६० चा. त्याचे कलम १७ शक्य तिथे प्राण्यांवरील प्रयोग टाळायला सांगते. औषधसंहिताही (औषधांच्या दर्जाची अधिकृत मानके देणारा ग्रंथ) पर्यायी पद्धत वापरू देते, मात्र ती अधिकृत पद्धतीशी पडताळलेली हवी आणि वाद झाला तर शब्द अधिकृत पद्धतीचा. मार्च २०२३ मध्ये नव्या औषधांच्या नियमांत दुरुस्ती होऊन प्राण्यांशिवायच्या पद्धतींना जागा मिळाली, हे खरे. पण तिचा दाखला देऊन प्रतिविषाच्या बॅच-चाचण्या आपोआप सुटल्या असे लिहिणाऱ्यांनी नियम पुन्हा वाचावा. तो नव्या औषधाच्या चाचण्यांविषयी आहे, बाजारात असलेल्या औषधाच्या प्रत्येक बॅचची ताकद मोजण्याविषयी नाही. तिथली वाट पडताळणीतूनच जाते.

पडताळणीत लोक जी हमखास चूक करतात ती अशी. दहा-बारा चांगल्या बॅचेस घेऊन पेशी आणि उंदीर यांचे आकडे जुळतात का पाहतात. सगळ्या बॅचेस सारख्याच ताकदीच्या असल्यावर जुळणार काय? सगळे ठिपके एकाच जागी गोळा होतात आणि चाचणी नापास ठरते. मुद्दाम बिघडवलेली प्रतिविषे लागतात: काही तापवून निम्मी केलेली, काही साध्या घोड्याच्या प्रथिनाने पातळ केलेली, आणि एखादे असे की ज्यातून छोट्या विषांविरुद्धची प्रतिपिंडे काढून घेतली आहेत. या शेवटच्याला कच्च्या विषावरची एलिसा पास करील, पेशीचाचणीने ते पकडले पाहिजे. पकडले नाही तर ती चाचणी सोडून द्यावी. विषाचे नमुनेही एकाच गावचे नकोत. पश्चिम भारतातल्या वेगवेगळ्या भागांतल्या तांबड्या विंचवांच्या विषात फरक आढळला आहे, तेव्हा घाटावरचे आणि कोकणातले दोन्ही हवेत.

आणि या पडताळणीसाठी नव्याने शेकडो उंदीर मारणे हा तर उफराटा न्याय होईल. उत्पादकाकडे प्रत्येक बॅचच्या राखीव कुप्या असतात आणि तिचा उंदरावरचा जुना निकाल कागदोपत्री असतो. त्याच कुप्या पेशींवर चढवाव्यात.

सशांविषयीही दोन शब्द. प्रतिविषाने ताप येतो का हे सशाला टोचून पाहत. जिवाणूंच्या विषापुरते ते काम आता अश्वखुरी खेकड्याच्या रक्तापासून केलेल्या द्रव्याने होते. दोनापावलच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने याच खेकड्यावर अभ्यास केला आहे. गंमत म्हणजे हा प्राणी खरा खेकडा नाही, नात्याने तो विंचवाच्याच जवळचा. त्याचेही रक्त न काढता प्रयोगशाळेत बनवलेला फॅक्टर-सी हा घटक वापरता येतो, आणि ताप आणणाऱ्या इतर द्रव्यांसाठी मानवी पांढऱ्या पेशींची चाचणी आहे. फक्त प्रतिविषातले दाट प्रथिन जिवाणूविष झाकून ठेवते. म्हणून नमुन्यात ठरावीक जिवाणूविष मुद्दाम घालून त्यातले ५० ते २०० टक्के परत सापडते का हे आधी पाहावे.

गोव्याने काय करावे? प्रतिविष इथे बनत नाही, विकत घेतले जाते. पण वेर्णे, कुंडई, पिळर्णे इथल्या औषध कारखान्यांत पट्टीवाचक यंत्रे आणि प्रशिक्षित हात आहेत. ताळगावला विद्यापीठ आहे, बांबोळीला गोवा वैद्यकीय महाविद्यालय (गोमेकॉ) आहे. पेशीचाचणीला लागते ते एक जैवसुरक्षा कपाट, कार्बन डायऑक्साइडचा उबवणी-संच, उलटे सूक्ष्मदर्शक, पट्टीवाचक, उणे ८० अंशांचा फ्रीजर आणि पावसाळ्यात वीज गेली तर धावणारा जनरेटर. पेशी पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्राकडून मिळतात. यात न जमण्यासारखे काही नाही. खरेदीच्या निविदेत मात्र आजच एक अट घालता येते: उत्पादकाने प्रत्येक बॅचच्या उंदराच्या निकालासोबत मारक अंशावरच्या एलिसाचा आकडा द्यावा आणि राखीव कुप्यांपैकी दोन पडताळणीसाठी द्याव्यात. नियमाप्रमाणे राखीव कुपी मुदत संपल्यानंतर वर्षभर ठेवली जाते, त्यानंतर ती नष्ट होते आणि तिच्यासोबत तिच्यापायी मेलेल्या उंदरांचा आकडाही निरुपयोगी होतो. म्हणून ही अट पुढच्याच निविदेत यावी.

आपले,
औषध गुणवत्ता तपासणी आणि विषशास्त्र या क्षेत्रांत काम करणारे काही वाचक,
फोंडा, गोवा